सात पडद्यांचा धडा : घरी केलेल्या तारवाद्यावर स्वरांच्या जागा कशा ठरतात

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेला असतो. त्याची बटणांची पट्टी उचलून आत डोकावणारे मात्र थोडेच. आत पाहिले तर रचना अगदी साधी आहे. बटण दाबले की ते खालच्या तारांना एका आडव्या धातूच्या पट्टीवर टेकवते, तारेचा वाजणारा भाग तेवढा आखूड होतो आणि स्वर वर चढतो. या आडव्या पट्ट्यांना आपण पडदे म्हणतो. हे पडदे एका टोकाला दूरदूर असतात आणि दुसऱ्या टोकाकडे सरकताना एकमेकांच्या जवळ येत जातात. हे वाद्य मूळचे जपानमधले. नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टंकलेखन यंत्राच्या बटणांची कल्पना तारवाद्याला जोडली आणि 'ताइशोगोतो' तयार केले. भारतात त्याचे 'बुलबुल तरंग' झाले आणि मुंबईच्या वस्त्यांत ते 'बेंजो' या नावाने रुळले.

ते पडदे जवळ का येतात? त्यांच्या जागा कोणी ठरवल्या? त्या बदलता येतात का? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला सापडली, त्याला दुकानातून वाद्य आणण्याची वाट पाहावी लागत नाही. पावणे येथील औद्योगिक वसाहतीत टाकाऊ लाकडी खोक्यांच्या फळ्या आणि पत्र्याचे डबे यांची उणीव नाही. एक दांडी, एक डबा, दोन तारा आणि फूटपट्टी एवढ्या सामग्रीवर सात स्वर मांडता येतात. ते कसे मांडावेत आणि मांडताना आपण नेमका कोणता निर्णय घेत असतो, याचा हा अभ्यासलेख. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी तो मुलांसोबत बसून, हातात तार घेऊन वाचावा, अशी आमची अपेक्षा आहे.

पडद्यापूर्वीची वीणा

बौद्ध वाङ्मयात वीणेचे उल्लेख ठिकठिकाणी येतात. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख हा गंधर्व वीणा वाजवत भगवंतांपाशी येतो. अंगुत्तरनिकायातील सोण स्थविराची कथा तर वीणेच्या तारांवरच उभी आहे; तिच्याकडे आपण लेखाच्या शेवटी वळू. त्या काळची वीणा आजच्या सतारीसारखी नव्हती, एवढे ध्यानात ठेवावे. प्राचीन शिल्पांत दिसणारी वीणा बहुधा धनुष्याच्या आकाराची असते. तिला अनेक तारा असून प्रत्येक तार एका स्वरात लावलेली असते. सात स्वर हवे असतील तर निदान सात तारा हव्यात, आणि त्या सातही जुळवून ठेवाव्या लागतात.

आपल्या लोकपरंपरेतील वाद्ये दुसऱ्या टोकाला आहेत. एकतारीला एक तार आणि तुणतुण्यालाही एकच. दोहोंनाही पडदे नाहीत. एकतारी आधारस्वर देते, तुणतुणे स्वरासोबत लयही धरते, आणि गाण्याची चाल मात्र गायकाच्या गळ्यावर सोपवलेली असते. तमाशाच्या फडातून पुढे आंबेडकरी जलशाच्या मंचावर आलेल्या शाहिरांनी याच साध्या साधनांच्या आधारे सभा जिंकल्या.

पडदा या दोहोंच्या मधला मार्ग दाखवतो. तार एकच, पण तिच्यावर थांबे अनेक. पडदा म्हणजे 'बोट येथे थांबेल' असा आधी घेतलेला निर्णय. व्हायोलिनला पडदे नसतात. तेथे तो निर्णय वादकाला दर क्षणी घ्यावा लागतो आणि त्यासाठी वर्षानुवर्षांचा रियाझ लागतो. बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे अनेकांना ठाऊक असेल. विनापडद्याच्या वाद्यावर शुद्ध सूर काढणे किती कठीण असते, हे ते वाद्य एकदा हाती घेतलेल्या कोणालाही कळते. पडद्याचे वाद्य ही कठीणता कमी करते आणि नवशिक्याला पहिल्याच दिवशी गाण्यापर्यंत नेते. म्हणून शाळेत शिकण्यासाठी ते सोयीचे.

तारेचा नियम

आता तारेकडे वळू. वाद्याच्या वरच्या टोकाला तार ज्या आधारावरून जाते त्याला मेरू म्हणतात आणि खालच्या टोकाला, डब्यावर, ज्या आधारावर ती टेकते त्याला घोडी म्हणतात. मेरू ते घोडी हे अंतर म्हणजे तारेची वाजणारी लांबी. मोकळी तार छेडली की जो स्वर निघतो त्याला आपण षड्ज, म्हणजे सा, मानू.

ताण आणि जाडी तीच ठेवून तारेची लांबी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते आणि वरच्या सप्तकातला सा मिळतो. लांबी दोन-तृतीयांश ठेवली तर पंचम, आणि तीन-चतुर्थांश ठेवली तर शुद्ध मध्यम. हे कोणी सांगितले म्हणून मानायचे नाही. मोकळी तार वाजवावी, मग तारेच्या बरोबर मध्यावर बोट दाबून वाजवावी, आणि कानाला विचारावे. 'एहि पस्सिको', म्हणजे ये आणि स्वतः पाहा, ही धम्माची ओळख आपण वंदनेत रोज उच्चारतो. तारेचा नियमही त्याच कसोटीला उतरतो.

सा, मध्यम आणि पंचम हे तीन स्वर अशा रीतीने कोणालाही सापडतात. गंधाराची गोष्टही फार वेगळी नाही. चांगला जुळलेला तंबोरा शांतपणे ऐकला तर खर्जाच्या तारेतून आपोआप एक गंधार उमटतो. तो कोणी वाजवलेला नसतो, तारेच्या कंपनातच असतो. हा गंधार तारेची लांबी चार-पंचमांश ठेवली की मिळतो. त्याच गुणोत्तरांतून पुढे रिषभ, धैवत आणि निषाद निघतात.

साठ सेंटिमीटरचा हिशेब

मुलांना हे शिकवताना आम्ही तारेची लांबी ६० सेंटिमीटर घेतो, कारण ६० या संख्येला २, ३, ४, ५ यांनी पूर्ण भाग जातो आणि हिशेब तोंडी करता येतो. वाजणारी लांबी ६० सेंटिमीटर असेल, तर बिलावल थाटाचे, म्हणजे आज ज्यांना आपण शुद्ध स्वर म्हणतो त्यांचे, पडदे असे येतात. प्रत्येक अंतर मेरूपासून मोजलेले आहे.

सा : मोकळी तार, लांबी ६०
रे : आठ-नवमांश, लांबी ५३.३३, मेरूपासून ६.६७ सें.मी.
ग : चार-पंचमांश, लांबी ४८, मेरूपासून १२ सें.मी.
म : तीन-चतुर्थांश, लांबी ४५, मेरूपासून १५ सें.मी.
प : दोन-तृतीयांश, लांबी ४०, मेरूपासून २० सें.मी.
ध : तीन-पंचमांश, लांबी ३६, मेरूपासून २४ सें.मी.
नि : आठ-पंधरांश, लांबी ३२, मेरूपासून २८ सें.मी.
तार सा : निम्मी, लांबी ३०, मेरूपासून ३० सें.मी.

एका सप्तकासाठी सात पडदे पुरले. पुढच्या सप्तकात प्रत्येक लांबी निम्मी होते. म्हणून तार सप्तकातला रे मेरूपासून ३३.३३ वर, ग ३६ वर, म ३७.५ वर आणि प ४० सेंटिमीटरवर येतो. हे चार मिळून अकरा पडदे झाले की वाद्य गाण्याजोगे होते. या जास्तीच्या चार पडद्यांचा उपयोग पुढे कळेल.

आता या कोष्टकातील दोन पडद्यांमधली अंतरे काढून पाहावीत : ६.६७, ५.३३, ३, ५, ४, ४, २. बेंजोचे पडदे जवळ का येतात, याचे उत्तर येथे आहे. स्वरांचे नाते लांबीच्या वजाबाकीवर अवलंबून नसते, ते भागाकारावर असते. तार जसजशी आखूड होते तसतसे तेवढेच नाते साधायला कमी अंतर पुरते. पंचमापासून धैवत आणि धैवतापासून निषाद ही दोन्ही अंतरे ४ सेंटिमीटरच आहेत, पण पहिल्यात ४० चे ३६ होतात आणि दुसऱ्यात ३६ चे ३२. म्हणून दुसरी चढण पहिलीपेक्षा किंचित मोठी आहे, जरी फूटपट्टीला ती सारखीच दिसते. तिसरे आणि सातवे अंतर, म्हणजे ग ते म आणि नि ते सा, एकदम लहान आहेत; ही अर्ध्या स्वराची अंतरे. इतर पाच ठिकाणी पूर्ण स्वराची चढण आहे. पाच मोठ्या आणि दोन लहान पायऱ्यांची ही शिडी ज्या वाद्यावर पडद्यांच्या रूपाने बसवलेली असते, त्याला सात-स्वरी पडद्यांचे वाद्य म्हणता येईल. बेंजोवर किंवा गिटारवर बाराही स्वरांचे पडदे असतात, येथे फक्त निवडलेले सात.

मोजण्याचा एक नियम काटेकोरपणे पाळावा. प्रत्येक पडदा मेरूपासूनच मोजावा, आधीच्या पडद्यापासून मोजू नये. एका पडद्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असे मोजत गेल्यास प्रत्येक वेळची अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढच्या सर्व पडद्यांवर चढत जाते. वरच्या सप्तकात तीच चूक कानाला अधिक टोचते, कारण तेथे वाजणारी तार आखूड असते आणि एक मिलिमीटरही तिच्या मोठ्या हिश्शाएवढा ठरतो.

'शुद्ध' म्हणजे काय?

वरच्या कोष्टकातले सात स्वर आपण शुद्ध म्हटले. हा शब्द येथे थोडा थांबून तपासला पाहिजे.

सतराव्या शतकात पंडित अहोबल यांनी 'संगीत पारिजात' या ग्रंथात वीणेच्या तारेचे भाग पाडून स्वरांच्या जागा सांगितल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या परंपरेतल्या पाठ्यपुस्तकांत ही मांडणी ३६ इंची तार धरून समजावतात. तारेच्या मध्यावर तार षड्ज, म्हणजे १८ इंच. मेरू आणि तार षड्ज यांच्या मध्यावर मध्यम, २७ इंच. तारेचे तीन भाग करून पंचम, २४ इंच. षड्ज आणि पंचम यांच्या मध्यावर गंधार, ३० इंच. रिषभ ३२ इंचांवर आणि निषाद २० इंचांवर येतो.

आता आपला ६० सेंटिमीटरचा हिशेब या मांडणीला लावून पाहू. ३६ इंचांच्या तारेवर आपला आजचा शुद्ध गंधार २८.८ इंचांवर यायला हवा; अहोबलांचा शुद्ध गंधार ३० इंचांवर आहे. आपला शुद्ध निषाद १९.२ इंचांवर हवा. त्यांचा २० इंचांवर आहे. तार जास्त लांब म्हणजे स्वर खालचा. अहोबलांनी ज्या गंधार-निषादांना शुद्ध म्हटले, त्यांना आज आपण कोमल म्हणतो. त्यांची शुद्ध स्वरांची शिडी आजच्या काफी थाटासारखी होती. भातखंडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बिलावलच्या स्वरांना शुद्ध मानून थाटांची व्यवस्था लावली आणि आज शाळाशाळांत तीच शिकवली जाते.

तार तीच, नियम तोच. बदलले ते नामकरण. जुन्या ग्रंथांत शुद्ध सप्तकाबाहेरच्या स्वरांना 'विकृत' म्हणत असत. शुद्ध आणि विकृत या शब्दांचा भार आपल्या समाजाने शतकानुशतके सोसला आहे, म्हणून ही गोष्ट मुलांना नीट समजावून सांगणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. तारेवर कोणतेही ठिकाण जन्मतः शुद्ध नसते. सात ठिकाणे निवडली जातात आणि त्या निवडीला नाव दिले जाते. काल ज्याला शुद्ध म्हटले त्याला आज कोमल म्हणतात आणि तरीही दोन्ही स्वर तितकेच सुरेल असतात. निवड संकेताने झाली आहे हे ओळखले की ती बदलण्याचे स्वातंत्र्यही आपोआप मिळते.

एकाच पडद्यांवर अनेक थाट

हे स्वातंत्र्य प्रत्यक्षात कसे वापरायचे? येथे ते जास्तीचे चार पडदे उपयोगी पडतात.

वाद्याला दोन तारा लावाव्यात. एकीवर चाल वाजवायची, दुसरी केवळ आधारस्वरासाठी मोकळी वाजत ठेवायची. आधाराची तार सा मध्ये लावून सा पासून तार सा पर्यंत वाजवले की बिलावल ऐकू येतो. आता पडदे न हलवता फक्त आधाराची तार रे च्या स्वरात लावावी आणि रे पासून वरच्या रे पर्यंत वाजवावे. तोच रे आता सा वाटू लागतो आणि कानावर काफी उमटतो. आधार ग मध्ये लावून ग ते ग वाजवले तर भैरवी. म ते म वाजवले तर कल्याण. प ते प वाजवले तर खमाज. पायऱ्या त्याच, पण चढायला आरंभ कोठून केला यावर अर्थ बदलतो. आपल्या जुन्या संगीतशास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. धैवतापासून आसावरीही निघते, पण त्यासाठी तार सप्तकातल्या धैवताचा, म्हणजे मेरूपासून ४२ सेंटिमीटरवरचा, आणखी एक पडदा बसवावा लागतो.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही लोकांनी हीच युक्ती वापरली आहे. अमेरिकेतील अपालाशियन डोंगराळ भागात घरोघरी केल्या जाणाऱ्या डल्सिमर या वाद्यावर सात-स्वरी पडदेच असतात. त्याच्या पारंपरिक मांडणीत मोकळ्या तारेला सा मानले तर सहावा पडदा कोमल निषादाचा येतो, म्हणजे शिडी खमाजसारखी होते. पुढे वादकांना शुद्ध निषादही हवासा वाटला, तेव्हा त्यांनी सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये एक पडदा बसवला. त्या पडद्याला आजही 'साडेसहावा' म्हणतात. आधीच्या पडद्यांचे क्रमांक न बदलता नव्या स्वराला जागा देण्याची ही साधी सोय होती.

आपल्या गाण्यांच्या बाबतीतही असाच विचार करावा. मुलांना जी गाणी वाजवायची आहेत, त्यांच्या चाली आधी गाऊन पाहाव्यात. ज्या चालीत कोमल गंधार व कोमल निषाद दोन्ही लागतात, तिच्यासाठी बिलावलच्या पडद्यांवर रे पासून आरंभ करावा. ज्या चालीत फक्त कोमल निषाद वरचेवर येतो, तिच्यासाठी धैवत आणि निषाद यांच्या मध्ये, मेरूपासून २६.६७ सेंटिमीटरवर, एक जास्तीचा पडदा बसवावा; त्याला 'साडेपाचवा' म्हणायला हरकत नाही. गाणे आधी आणि पडदे नंतर, असा क्रम असावा. पडद्यांत बसत नाही म्हणून गाण्याचा स्वर बदलू नये.

दोन धैवतांचा पेच

येथपर्यंत सारे सरळ वाटते. पण काफी वाजवताना तयार कानाला एक खटका जाणवतो. आधाराची तार रे मध्ये लावली की पंचमाचे काम धैवताला करावे लागते. सा आणि प यांचे नाते ६० ला ४०, म्हणजे तीनास दोन असे असते. रे आणि ध यांचे नाते ५३.३३ ला ३६ आहे. ते तीनास दोन भरत नाही. हा पंचम किंचित उतरलेला लागतो. रे शी तंतोतंत जुळणारा धैवत हवा असेल तर तारेची लांबी ३५.५६ असली पाहिजे, म्हणजे पडदा मेरूपासून २४.४४ सेंटिमीटरवर हवा. दोन धैवतांमध्ये सुमारे साडेचार मिलिमीटरचा फरक आहे. पहिला धैवत गंधार-मध्यमाशी गोड लागतो, दुसरा रिषभाशी. एकाच स्थिर पडद्यावर दोघेही एकाच वेळी बसत नाहीत.

हा पेच आपल्या हस्तकौशल्याच्या उणिवेतून आलेला नाही, तो गणितातच आहे. त्यावर जगाने वेगवेगळे तोडगे काढले. पहिला तोडगा सप्तकाचे बारा समान भाग करण्याचा. गिटार, बेंजो, पेटी यांच्यावर सामान्यतः हाच असतो. त्या हिशेबाने ६० सेंटिमीटरच्या तारेवर रे ६.५५ वर, ग १२.३८ वर, म १५.०५ वर, प १९.९५ वर, ध २४.३२ वर आणि नि २८.२२ वर येतो. मध्यम-पंचम जवळजवळ जागेवर राहतात, गंधार मात्र सुमारे चार मिलिमीटरने सरकून चढा होतो. सर्वांना थोडीथोडी झळ, पण कोणत्याही स्वरापासून आरंभ करता येतो. पेटीच्या साथीने गायचे असेल तर हीच मापे घ्यावीत, नाहीतर दोन्ही वाद्ये एकमेकांशी भांडतील.

दुसरा तोडगा महाराष्ट्राच्या मातीतला म्हणता येईल. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. पंढरपूर परिसरातील भोपळे, लाकूड आणि हाताचे कसब यांतून तेथे सतारी आणि तंबोरे तयार होऊ लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे पडदे दांडीवर ठोकलेले नसतात, ते दोऱ्याने बांधलेले असतात. वादक राग बदलताना पडदा किंचित वर किंवा खाली सरकवतो आणि कानाला पटेपर्यंत जुळवतो. शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य घेऊन स्वरांची सूक्ष्म मापे काढण्याचा उद्योग केला आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कान आणि माप यांना एकमेकांसमोर बसवण्याचा तो प्रयत्न होता.

आपल्या घरगुती वाद्यासाठी आम्ही दोन्हींचा मेळ सुचवतो. सा, म, प यांचे पडदे पक्के बसवावेत, कारण त्यांच्याविषयी वाद नाही. रे, ग, ध आणि नि यांचे पडदे सतारीप्रमाणे दोऱ्याने किंवा जाड नायलॉनच्या धाग्याने दांडीभोवती घट्ट बांधावेत. मापाने त्यांना जवळपास आणावे आणि शेवटचा निर्णय कानाला घेऊ द्यावा.

बांधणीची पद्धत

सुमारे ८० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड अशी सरळ, गाठी नसलेली लाकडी पट्टी दांडीसाठी घ्यावी. ती पत्र्याच्या किंवा पातळ प्लायवुडच्या डब्यातून आरपार जाईल अशी बसवावी, म्हणजे तारेचा ताण डब्यावर न येता दांडीवर येतो. वरच्या टोकाला दोन खुंट्या, नाहीतर गिटारच्या दुकानात मिळणाऱ्या चाव्या लावाव्यात. गिटारच्या बारीक पोलादी तारा पुरतात. पत्र्याच्या कडा कानसेने घासून बोथट कराव्यात आणि नवी तार चढवताना चेहरा तिच्यापासून दूर ठेवावा. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

मेरू आणि घोडी यांसाठी कठीण लाकडाचे तुकडे चालतात. पक्क्या पडद्यांसाठी सायकलचे जुने स्पोक कापून वापरता येतात. पडद्याची रेघ गुण्याने काटकोनात आखावी, बारीक करवतीने उथळ खाच पाडावी आणि स्पोकचा तुकडा तीत चिकटवावा. सर्व पडद्यांची उंची सारखी आहे ना, हे सरळ पट्टी टेकवून पाहावे. एखादा पडदा उंच राहिला तर त्याच्या आधीच्या पडद्यावर बोट ठेवले तरी तार त्या उंच पडद्यावर घासून खरखरते.

घोडी मात्र चिकटवू नये. तार पडद्यावर दाबताना ती किंचित ताणली जाते आणि स्वर हिशेबापेक्षा थोडा चढतो. तार जितकी उंच, तितका हा दोष मोठा. तो घालवण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसते हलकेच टेकवून तार छेडावी आणि बोट लगेच उचलावे. एक स्वच्छ, घंटेसारखा तार षड्ज ऐकू येईल. मग त्याच ठिकाणच्या सातव्या पडद्यावर तार नीट दाबून वाजवावी. दाबलेला स्वर चढा वाटला तर घोडी मेरूपासून थोडी दूर सरकवावी, उतरलेला वाटला तर जवळ आणावी. बहुधा एक ते तीन मिलिमीटरमध्ये काम होते. दोन्ही स्वर एक झाले की घोडीच्या जागेवर पेन्सिलीने खूण करावी. पडद्यांची मापे मात्र मूळ ६० सेंटिमीटरच्या हिशेबाचीच ठेवावीत.

यानंतर सर्व पडद्यांची तपासणी मोकळ्या आधारतारेसोबत करावी. आधी पंचम, मग मध्यम, मग गंधार, आणि शेवटी उरलेले स्वर. दोन स्वर एकत्र वाजताना जर लाटा उठल्यासारखा 'वँव-वँव' असा थरथराट आला, तर पडदा अजून जागेवर नाही. थरथराट मंदावत जाऊन थांबला की जागा सापडली. हा थरथराट ओळखायला संगीताचे पूर्वशिक्षण लागत नाही. शांतता आणि थोडा धीर असला की पुरे. पहाटेच्या वंदनेनंतर, कारखान्यांचा आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज वाढण्याआधी, ही तपासणी उत्तम होते.

सोणाची वीणा

आता अंगुत्तरनिकायातील ती कथा. सोण हा धनिकाचा पुत्र भिक्षू झाला. राजगृहाजवळच्या शीतवनात त्याने इतकी कठोर साधना केली की चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले. तरीही फळ दिसेना, तेव्हा घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. भगवंतांनी त्याला त्याच्याच अनुभवातले विचारले. गृहस्थ असताना तो वीणा वाजवण्यात कुशल होता. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? दोन्ही वेळा सोणाचे उत्तर नाही असेच होते. तारा योग्य ताणावर असतील तरच ती सुरेल वाजते, हे त्याच्याच तोंडून आले, आणि प्रयत्नातही अशीच समता असावी असा उपदेश भगवंतांनी केला.

या कथेकडे आपण सहसा मध्यम मार्गाचा दृष्टान्त म्हणून पाहतो. वाद्य करणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. भगवंतांनी सोणाला योग्य ताणाचे माप सांगितले नाही. ते सोणाच्या कानाला आधीच ठाऊक होते. भगवंतांनी त्याला फक्त ते आठवायला लावले. माप शिकवता येते आणि ते शिकवलेच पाहिजे, कारण त्यावाचून नवशिक्या अंधारात चाचपडतो. पण मापाच्या शेवटच्या मिलिमीटरवर प्रत्येकाला स्वतःच उभे राहावे लागते. 'अत्त दीप भव' या वचनाचा अर्थ कार्यशाळेच्या बाकावर असा रोज भेटतो.

वाद्य विकत घेण्याची ऐपत नाही, घराण्याची तालीम नाही, म्हणून गाणे आपले नाही, असे आपल्या मुलांना कधीही वाटू नये. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्या पिढ्यांनी स्वरांवरचा आपला हक्क गाऊन सिद्ध केला. आता त्या स्वरांच्या जागा मोजण्याची, तपासण्याची आणि गरज पडल्यास बदलण्याची विद्याही पुढच्या पिढीच्या हाती दिली पाहिजे. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने धैवताचा पडदा साडेचार मिलिमीटर सरकवून तो का सरकवला हे समजून घेतले, ते मूल पुढे कोणत्याही क्षेत्रात 'हे असेच असते' या वाक्यापाशी थांबणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. घरी एक जुना डबा, एक सरळ पट्टी आणि ६० सेंटिमीटरची तार घ्यावी. मुलांना आधी फक्त तीन खुणा करू द्याव्यात : १५, २० आणि ३०. मध्यम, पंचम आणि तार षड्ज तेथेच मिळतील. उरलेले चार स्वर कोठे बसवायचे, हे मुलांनी स्वतः ऐकून ठरवावे.